क्लच पूर्ण दाबा, मॅडम!

"मॅडम, क्लच पूर्ण दाबत जा. अर्धवट दाबला की गिअर असाच अडणार."

2024 च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी ते मला खरंच वाटायला लागलं. गॅरेजवाल्याने सांगितलं, घरात यांनी सांगितलं, आमच्या शाळेतल्या ज्या सरांना गाडी चालवताच येत नाही त्यांनीसुद्धा सांगितलं! गाडीबद्दल बाईने तक्रार केली, की तपासणी गाडीची होत नाही, बाईची होते. तुमच्यापैकी ज्या कुणी गाडी चालवता त्यांना हे नवीन नाही. ज्या चालवत नाहीत त्यांनी मिक्सरचं, पाण्याच्या मोटरचं, गॅसच्या शेगडीचं आठवून बघावं. "तुम्ही नीट वापरत नसाल" हे वाक्य दुरुस्तीवाल्याच्या पिशवीत पान्यांच्या आधी ठेवलेलं असतं.

मी कराडला राहते. शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गाडी शिकले ती चाळिशीत, मुलगा बारावीला गेल्यावर. आधी ड्रायव्हिंग स्कूल, मग रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर यांच्याबरोबर. त्या रविवारांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, आणि घरात भांडणही! आमची गाडी सेकंडहँड, लहान, मॅन्युअल गिअरची. हे मोटरसायकलने कामावर जातात, त्यामुळे गाडी तशी माझीच. आणि ती माझी असण्याला एक कारण आहे. माझं माहेर चिपळूणचं. वडील गेल्यावर आई तिथे एकटी राहते. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा तिच्या घरात पाणी शिरलं. शेजारच्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेलं, म्हणून ती आहे. तेव्हापासून माझा नेम असा, की पंधरा दिवसांतून एकदा चिपळूणला जायचं आणि जून लागला की आईला कराडला घेऊन यायचं. शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. एस.टी.नेही जाता येतं, मी वर्षानुवर्षं गेलेय. पण शहात्तर वर्षांची आई, तिच्या औषधांची पिशवी, देवांचा डबा आणि दोन कुंड्या (त्या ती सोडत नाही) एवढं घेऊन पावसात एस.टी. म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

फेब्रुवारीत गिअरचा दांडा सैल वाटायला लागला. न्यूट्रलला असताना तो भातातल्या पळीसारखा कुठेही फिरायचा. दुसरा टाकायला गेलं की चौथ्यात जायचा, पहिला शोधावा लागायचा. मी गॅरेजमध्ये गेले. मुलाने एक चक्कर मारली आणि वर दिलेलं वाक्य सांगितलं. महिन्याने परत गेले, परत तेच. तिसऱ्या वेळी मालक स्वतः आला, हसून म्हणाला, "मॅडम, पायात चपला जाड घालता का?" मी चपला बदलल्या. खरंच बदलल्या! पातळ तळव्याच्या घेतल्या, सीट दोन बोटं पुढे घेतली, क्लच अगदी गाडीच्या पत्र्यापर्यंत दाबू लागले. पोटरी दुखायची. तरी गिअर अडायचाच, आणि अडला की मी मनात म्हणायची, दाबला नसशील नीट. सिग्नलला मागून हॉर्न आला की कानशिलं तापायची. मे महिन्यात मी दोनदा चिपळूणला जायचं टाळलं. आईला म्हणाले, शाळेचं काम आहे. सुट्टीत कसलं शाळेचं काम? तिने विचारलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र जावंच लागलं. जाताना ठीक गेले. येताना पोफळी मागे पडलं, घाट चढायला लागले, पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर पुढचा ट्रक एकदम हळू झाला, म्हणून मी दुसरा टाकायला दांडा ओढला. हाताला काही लागलंच नाही. दांडा गेला, पण कुठे गेला कळेना. गाडी गचके खाऊन बंद पडली. हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडला. गाडी बंद. परत पहिला, परत बंद. चार वेळा, पाच वेळा. मागे गाड्यांची रांग. आई काही बोलली नाही. मुकाट्याने दार उघडून उतरली, रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. एस.टी.च्या जमान्यातली बाई, तिला एवढं कळतं. मी स्टिअरिंग धरून रडायच्या बेतात.

मागच्या ट्रकमधला ड्रायव्हर उतरून आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी त्याच्याआधीच बोलले, "क्लच दाबलाय हो मी पूर्ण." तो म्हणाला, "इंजिन बंद ठिवून दांडा हलवून दावा." मी हलवला. त्याने बॉनेट उघडायला लावलं, टॉवेल हाताला गुंडाळून आत कुठेतरी खाली हात घातला आणि एक केबल वर काढली. तिच्या टोकाला कडी, कडीत काळ्या रबराचा तुटका तुकडा. "ह्यो बघा, ताई. बुश गेलाय. केबल सुटून लोंबतीय. तुम्ही पयला टाकताय, पर आत तिसराच पडतोय. तिसऱ्यावर घाटात गाडी उचलंल का? क्लचचं काय नाय. तुमचीबी काय चूक नाय."

त्याने कडी पिनवर बसवली, तारेने करकचून बांधली आणि "घरापतूर जाईल, जोरात दांडा ओढू नका" म्हणून गेला. मी नाव विचारायचीही विसरले. हेळवाक येईपर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं. भीतीचं नव्हे. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी गाडीत हात घालून बघितलं होतं, त्याचं.

आता ही भानगड काय, ते सांगते, कारण मला ते कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. आठवीच्या पोरांना मी तरफ शिकवते. टेकू, बल, भार. फळ्यावर अडकित्ता काढते, आणि माझ्या डाव्या हाताखाली रोज एक तरफ होती, ती मला दिसली नाही! गिअरचा दांडा म्हणजे तरफच. आपल्याला वाटतं दांडा थेट गिअरमध्ये जातो. तसं नाही. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, बॉनेटखाली आडवे बसवलेले असतात आणि दांडा मागे, दोन सीटांच्या मध्ये. मधलं अंतर जोडायला दोन केबल. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल नेते, तिला सिलेक्ट केबल म्हणतात. दुसरी पुढची-मागची नेते, ती शिफ्ट केबल. प्रत्येक केबलच्या टोकाला कडी आणि गिअरबॉक्सवरच्या छोट्या तरफेवर पिन. कडी आणि पिन यांच्यामध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा एक कडंगोळा असतो, तो बुश. पाटा-वरवंट्यात नसतो, पण जुन्या शिवणयंत्राच्या पायट्याच्या सांध्यात असतो ना, त्याच जातीचा प्रकार. लोखंडावर लोखंड घासू नये, खडखड होऊ नये, एवढंच त्याचं काम.

हा बुश इंजिनाच्या धगीशेजारी वर्षानुवर्षं बसतो. रबर कडक होतं, चिरतं, तुकडे पडतात. मग कडी पिनवर सैल खेळते. तुम्ही दांडा चार बोटं हलवला तर आत दोनच बोटं हलतं. गिअर अर्धवट पडतो, अडतो, चुकीचा पडतो. आणि एक दिवस कडी निसटतेच. माझी निसटली ती सिलेक्ट केबल. ती निसटली, की गिअरबॉक्समधली स्प्रिंग गाडीला मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणून ठेवते. वर तुम्ही दांडा डावीकडे नेऊन पहिला टाका, खाली तिसराच पडणार. पाच गिअरच्या आमच्यासारख्या गाडीत हे असंच चालतं. तेव्हा मी रिव्हर्स टाकून मागे यायचा प्रयत्न केला असता, तर तोही पडला नसता. आज विचार केला तरी पोटात गोळा येतो.

आणि क्लचचं खरं-खोटं करायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर आपापल्या जागी छान पडतात आणि इंजिन सुरू केलं की कर्रकर्र करतात किंवा अडतात, तर दोष बहुधा क्लचकडे. बंद गाडीतही दांडा डुगडुगतो, जागा सापडत नाही, भलतीकडे जातो, तर क्लचला बोल लावू नका, दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत आहे. (बंद गाडीत एखादा गिअर लगेच पडला नाही तर घाबरू नका. आत दातासमोर दात आला की अडतो. क्लच सोडून परत दाबायचा.) त्या ट्रकवाल्याने नेमकं हेच केलं होतं, "इंजिन बंद ठिवून दांडा हलवून दावा." गॅरेजमध्ये तीन वेळा गेले, तिन्ही वेळा हे कुणीही केलं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

समोर केलं नाही असं म्हणतेय, कारण पुढे कळलं ते आणखी जिव्हारी लागणारं होतं. तार बांधलेली गाडी गॅरेजला नेली. मालक म्हणाला, "साहेबांना फोन लावून द्या." मी लावून दिला. तोच तर सवयीचा भाग. स्पीकर चालू होता. तो यांना म्हणाला, "साहेब, केबल आधीपासूनच लूज होती, आमच्या पोराने मार्चमध्येच बघितली होती. दोन्ही केबलचा सेट टाकावा लागेल, साडेचार हजार, मजुरी वेगळी." मी विचारलं, "मार्चमध्ये बघितली होती, तर मला का नाही सांगितलं?" तो अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडमना काय टेक्निकल सांगणार?"

त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. कुजकेपणा असता तर भांडले असते. त्याला खरोखरच वाटत होतं, की बाईला क्लच दाबायला सांगायचं आणि केबलचं पुरुषाला सांगायचं. घाटात गाडी मी नेणार, सोबत म्हातारी आई असणार, पण गाडीचा दोष कळायचा हक्क मोटरसायकलवर फिरणाऱ्याला! डॉक्टरकडे जाऊन "दमायला होतं" म्हटलं की "टेन्शन घेऊ नका" हे उत्तर घेऊन येणाऱ्या आणि वर्षभराने हिमोग्लोबिन सात निघालेल्या बायका मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बघितल्यात. तीच जात या उत्तराची.

पण अर्धा दोष मी माझ्या पदरात घेते. फोन लावून मीच दिला होता. इतकी वर्षं गाडीचं बिल यांनी बघायचं, ऑइल कधी बदललं ते यांनी लक्षात ठेवायचं, हवा भरायची तीही यांनीच. मी फक्त चालवायची. आपण गाडी शिकतो म्हणजे स्टिअरिंग, क्लच, ब्रेक शिकतो. बॉनेट उघडायची खिटी कुठे आहे हे कितीजणींना माहीत आहे? मला नव्हतं. घाटात त्या माणसाने "बॉनेट खोला" म्हटलं तेव्हा मी आधी पेट्रोलचं झाकण उघडलं!

या सगळ्यानंतर मी आठवीच्या मुलांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची ही बायको. 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न विचारता त्याची तीन चाकी मोटार घेऊन ही बाई दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. फोर्झहाइम म्हणजे तिचं माहेर बरं का! अंतरही शंभरेक किलोमीटर, म्हणजे माझ्या कराड-चिपळूणएवढंच. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. एक तार घासून उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळलं. ब्रेकची लाकडं झिजली, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी चढेना, तेव्हा पोरांनी ढकलली. आणि परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. म्हणजे चढाच्या गिअरची मागणी पहिल्यांदा केली ती माहेरी निघालेल्या बाईने. वर्गातल्या मुली हसल्या. मुलंही हसली, पण जरा वेगळं.

साडेचार हजारांना मी नाही म्हटलं. केबल चांगल्या होत्या, कुठे तुटल्या-गंजल्या नव्हत्या, फक्त टोकाचे बुश गेले होते. पण बुश सुटा द्यायला कुणी तयार नव्हतं. बऱ्याच गाड्यांना कंपनी पूर्ण केबलच विकते. इथे बाहेरचा माल कामाला येतो. आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री राहतात, गॅरेज बंद करून सात-आठ वर्षं झाली. त्यांनी तुटका तुकडा उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बाई, पूर्वी आम्ही नायलॉनचा गट्टू आणून लेथवर असले बुश कातून घ्यायचो. आता तयार मिळतात. पितळेचे मिळतात, तसे पॉलियुरेथेनचे. पितळेचा घेऊ नका." का? तर रबर मऊ, ते इंजिनाची थरथर गिळतं, पण लवकर मरतं. पितळ झिजत नाही फारसं, गिअर अगदी टक्कन पडतो, पण इंजिनाची सगळी थरथर आणि खरखर दांड्यातून हातात येते. पॉलियुरेथेन मधलं. रबरापेक्षा कडक, तेलाला आणि धगीला टिकाऊ, थोडी थरथर येणार. लग्नात स्थळ बघतात तसं आम्ही त्या बुशाचं स्थळ बघितलं!

कोल्हापूरच्या एका पार्टच्या दुकानात फोन केला. समोरून प्रश्न आला, मॉडेल कोणतं, साल कोणतं, शिफ्टचा पाहिजे की सिलेक्टचा? मी म्हटलं, "दोन्ही. कडीचं आतलं माप आणि पिनेची जाडी व्हर्नियरने मोजून ठेवलीय, सांगू का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग तो माणूस "बोला, ताई" म्हणाला आणि पुढची पाच मिनिटं माझ्याशी मिस्त्रीशी बोलावं तसं बोलला. व्हर्नियर शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. दोन बुश मिळून पाचशे साठ रुपये, कुरिअरसकट.

बसवायचं काम रविवारी सकाळी, पोर्चमध्ये. मिस्त्री खुर्चीवर बसून सांगणार आणि हात माझे, असं ठरलं. त्यांचे गुडघे गेलेत आणि माझी हौस मोठी. गाडी थंड असताना, सपाटीवर, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढून-मागून विटा लावून, न्यूट्रलला. आधी मोबाइलवर चार फोटो काढले, कोणती केबल कुठे बसते त्याचे. बॅटरीची उणे तार सोडवली. (त्यामुळे गाडीतलं घड्याळ बाराला जातं. आमचं अजून तसंच आहे.) एअर फिल्टरचा डबा काढला, तेव्हा खाली दोन्ही केबल दिसल्या. एवढ्याशा कामाला निम्मा वेळ तो डबा काढण्यातच जातो. सिलेक्टच्या कडीवरची तार पकडीने उलगडली. शिफ्टच्या कडीवर वायसर आणि लॉक होतं. ते डिसमिसने सोडवताना हात आडवा धरायचा, नाहीतर लॉक टणकन उडून इंजिनात जातं, हे मिस्त्रींनी तीनदा सांगितलं. तरी ते उडालंच. अर्धा तास शोधलं. शेवटी यांच्या चपलेत सापडलं.

जुना शिफ्टचा बुश बाहेरून धड दिसत होता, पण ब्लेड लावलं आणि भुगा झाला. कडीचं भोक रॉकेलच्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने. नवीन बुश कडीत जाईना. मी हातोडी उचलली तर मिस्त्री ओरडले, "ठोकू नका, चेपायचा!" गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवला, आतून-बाहेरून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस नाही, ते काही रबरांना फुगवतं, म्हणून सगळीकडे सिलिकॉनचंच वापरावं असा त्यांचा नियम. मग मोठी पकड घेऊन दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबला. 'चप्' असा आवाज आला आणि तो बसला. कडी पिनवर, वायसर, लॉक. दुसरी केबल पहिलीपेक्षा निम्म्या वेळात झाली.

मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. दांडा न्यूट्रलला आपोआप मधोमध येऊन उभा राहिला. बॅटरी, डबा परत लावले. इंजिन सुरू करून, क्लच दाबून परत सगळे गिअर. मग गल्लीतून एक चक्कर, रिव्हर्ससकट. टक्, टक्, टक्. चार महिने जो दुसरा शोधत होते, तो तिथेच होता.

पोर्चच्या फाटकाशी तोवर तीन-चार बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "मिस्तर नाहीत का घरी?" हे बॅटरी धरून शेजारीच उभे होते!

आता कुणी म्हणेल, सगळ्याच बायकांनी हाताला ग्रीस लावून घ्यायचं का? मुळीच नाही. माझाही दुसऱ्यांदा तो डबा काढायचा विचार नाही. मिस्त्रीचं काम मिस्त्रीने करावं, ब्रेकचं आणि गाडीखाली शिरायचं काम तर घरी करूच नये, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर डोकंही घालू नये. आणि बाहेरचा सगळाच माल चांगला असतो असंही नाही. माप चुकलं तर नवा बुश जुन्यापेक्षा लवकर निसटेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की दोष काय आहे, कुठे आहे, हे गाडी चालवणारीला कळलं पाहिजे, आणि ते तिला, तिच्याशी बोलून सांगितलं गेलं पाहिजे. त्यासाठी आपल्यालाही थोडं करावं लागतं. "आवाज येतोय हो कसलातरी" असं न म्हणता "बंद गाडीतही दांडा सैल आहे, आधी गिअरच्या केबलचे बुश बघा" असं म्हणायचं. काढलेला जुना पार्ट हातात मागायचा. बिलावर काय लिहिलंय ते वाचायचं. आणि "साहेबांना फोन द्या" म्हटलं की फोन पर्समध्येच ठेवायचा. हे शेवटचं मला सगळ्यांत अवघड गेलं. ऑक्टोबरमध्ये ऑइल बदलायला त्याच गॅरेजला गेले. (दुसरीकडे जायचा विचार होता, पण गावात चांगली गॅरेज आहेत किती?) मालक सवयीने "साहेब..." म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "बोला की." तो बोलला. ब्रेकचे पॅड अजून सहा महिने जातील म्हणाला, मला चाकातून दाखवलेसुद्धा.

बुश कडक असल्यामुळे दांडा आता हाताला किंचित थरथरतो. परवा चिपळूणहून येताना आईने त्यावर हात ठेवून बघितला आणि विचारलं, "ही अशी का गं कापतेय?" मी म्हटलं, "अगं, पॉलियुरेथेन आहे, एवढं चालायचंच." तिने मान डोलवली आणि कुंडी मांडीवर घट्ट धरून बसली.

हे लिहीत असतानाच धाकट्या जाऊबाईंचा इस्लामपूरहून फोन आला. "ताई, माझ्या गाडीचा रिव्हर्स पडत नाहीये. गॅरेजवाला म्हणतो, मी क्लच अर्धवट दाबते. तुम्हाला काय वाटतं?"

म्हटलं, "इंजिन बंद करून टाकून बघितलास का?"

"नाही हो. थांबा, किल्ली घेते. फोन ठेवू नका."